सर्व्हेचा निकाल कुणाच्या टेबलावर जातो?

प्रश्न असा आहे: «हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टीम लीड आहे. सलग चौथ्या वर्षी एम्प्लॉई सर्व्हेची लिंक आली आहे. मागच्या तिन्ही वेळी 'तुमचं ऐकलं आहे' असं एक चकचकीत मेल आलं आणि पुढे काहीच झालं नाही. या वेळी माझ्या ११ जणांकडून १०० टक्के भरून घ्या असा वरून निरोप आहे. दोघांनी सरळ सांगितलंय, आम्ही भरणार नाही. मॅनेजमेंट या निकालांवर खरंच काही करतं का? आणि हा सर्व्हे खरोखर निनावी असतो का?»

आधी थोडक्यात सांगते. मॅनेजमेंट कधी कधी करतं. पण चाकण, हिंजवडी आणि मग सल्लागार म्हणून इकडेतिकडे अशी २३ वर्षं एचआरमध्ये काढल्यावर माझा अनुभव असा की, जिथे काही बदललं तिथे ते क्वचितच वरच्या मजल्यावरून आलं. एखाद्या सुपरवायझरने किंवा टीम लीडने आपल्याच दहा-पंधरा माणसांपुढे आपला निकाल उघडा ठेवला, तिथे बदललं. त्यामुळे तुमच्या प्रश्नातला 'मॅनेजमेंट' हा शब्द मला जरा खटकला. त्या ११ जणांच्या दृष्टीने मॅनेजमेंट तुम्हीच आहात.

एक बसची गोष्ट सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी होते. पहिलाच मोठा सर्व्हे, ५८ प्रश्न, बाहेरची एजन्सी. निकाल आला तेव्हा प्रेस शॉपची सेकंड शिफ्ट सगळ्यांत तळाला होती, आणि त्यातही 'माझ्या चांगल्या कामाची दखल घेतली जाते' या वाक्याला सगळ्यांत कमी गुण. एजन्सीने निदान केलं: रेकग्निशन कमी पडतंय. आम्हीही लगेच उपाय काढला. 'स्टार ऑफ द मंथ'. नोटीस बोर्डवर फोटो, सोबत पाचशे रुपयांचं कूपन. दुसऱ्या महिन्यापर्यंत त्या फोटोंना कुणीतरी पेनाने मिशा काढल्या होत्या. ज्यांना मिशा होत्या त्यांना शिंगं.

त्या शॉपचे सुपरवायझर हेल्परपासून वर आलेले, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मॅडम, तो निकालाचा कागद मला द्या. मी विचारतो पोरांना." नियमात ते बसत नव्हतं. निकाल विभागप्रमुखांच्या खाली जाऊ द्यायचा नाही असा आदेश होता. मी त्यांच्या शॉपचं एक पान काढून दिलं. चहाच्या सुट्टीत पॅलेटवर बसून त्यांनी ते १४ जणांना वाचून दाखवलं. मी जरा लांब उभी होते. पहिली पाच-सात मिनिटं कुणी तोंड उघडलं नाही. मग एक जण म्हणाला, "दखल म्हणजे काय साहेब? रात्री बस आम्हाला टाकून जाते, ती दखल."

शिफ्ट बारा वाजता सुटायची, बस १२.१० ला निघायची. असेंब्लीची माणसं टूल ठेवून सरळ बसमध्ये बसत. प्रेस शॉपला डाय (साचा) पुसायची, स्क्रॅपची बिन हलवायची, थर्ड शिफ्टला चार्ज द्यायचा, हातांचं ग्रीस काढायचं. पंधरा मिनिटं कुठेच गेली नाहीत. बस चुकली की हायवेपर्यंत चालत जायचं आणि भोसरीकडे जाणाऱ्या ट्रकला हात करायचा. म्हणून काही जण पावणेबारालाच प्रेस बंद करत. त्याबद्दल त्यांना मेमो मिळत. मेमोवरून भांडणं होत, आणि थर्ड शिफ्टवाले 'डाय घाण ठेवून गेले' म्हणून वेगळी तक्रार करत. आमच्या स्लाइडवर या सगळ्याचं नाव 'सुपरवायझर-कामगार संबंध: सुधारणेची गरज' असं होतं.

५८ प्रश्नांत बस कुठेच नव्हती. बसचं कंत्राट अॅडमिनकडे होतं, अॅडमिनचा माणूस मुंबई ऑफिसला रिपोर्ट करायचा, त्यामुळे प्लँट हेडलाही कधी कळलं नव्हतं. बसची वेळ १२.२५ केली. जास्तीचा एक रुपया लागला नाही, ड्रायव्हर तेवढा चार दिवस कुरकुरला. पुढच्या वर्षी त्या शॉपमध्ये सर्वांत जास्त वाढला तो 'दखल' या वाक्याचाच आकडा. 'स्टार ऑफ द मंथ'चा बोर्ड आम्ही गुपचूप काढून टाकला.

हा काही माझा शोध नाही. रेन्सिस लायकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशी मोजपट्टी मांडली. आपण लिंक उघडल्यावर ज्या पाच गोळ्यांवर टिचक्या मारतो, त्यांचं मूळ तिथे आहे. त्यानेच पुढे १९४६ मध्ये मिशिगन विद्यापीठात सर्वेक्षणाचं केंद्र उभं केलं. तिथला फ्लॉइड मान हा संशोधक डेट्रॉइट एडिसन या वीज कंपनीत काम करत होता. १९४८ मध्ये कंपनीभर सर्वेक्षण झालं. मग हिशेब खात्याच्या काही विभागांत निकाल नुसता वर न पाठवता, प्रत्येक प्रमुखाने तो आपापल्या गटासमोर ठेवून चर्चा करायची असं ठरलं. काही विभागांत तसं केलं नाही. १९५० मध्ये पुन्हा मोजलं, तेव्हा जिथे गटांनी आपल्या निकालावर बसून बोललं होतं तिथे सुधारणा स्पष्टपणे जास्त होती. सर्वेक्षण तेच, कंपनी तीच, वरचे साहेबही तेच. फरक एवढाच की कागद कुणापुढे ठेवला.

पाऊणशे वर्षं ही गोष्ट माहीत आहे. तरी बहुतेक कंपन्यांत निकाल आधी वर जातो, आणि तिथेच मुक्कामाला राहतो.

वर काय होतं, ते आतून पाहिलेलं सांगते. पहिली अडचण अगदी साधी, कॅलेंडरची. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. विभागप्रमुख पुढच्या वर्षाचा खर्च डिसेंबर-जानेवारीत मागतात, फेब्रुवारीत त्यावर शिक्के बसतात. सर्व्हे मात्र कित्येक ठिकाणी जानेवारीत निघतो, कारण मार्चच्या आत एचआरच्या केआरएमध्ये, म्हणजे वर्षाच्या उद्दिष्टांच्या यादीत, 'सर्व्हे पूर्ण' अशी टिक पडायला हवी. लिंक तीन आठवडे उघडी, मग आठवणीचे मेल, मुदतवाढ, एजन्सीचे पाच-सहा आठवडे. निकाल हातात येतो तेव्हा बजेट संपलेलं असतं आणि सगळं ऑफिस अप्रेझलच्या पत्रांत बुडालेलं असतं. वरातीमागून घोडं. तुमच्या कंपनीचा सर्व्हे कोणत्या महिन्यात निघतो ते पाहा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघत असेल तर निदान कुणीतरी खर्चाचा विचार केलाय असं मी मानते. जानेवारी-फेब्रुवारीत निघत असेल तर पैसे लागणारी कुठलीच गोष्ट त्या वर्षी होणार नाही, हे आधीच ठरलेलं असतं. कुणाचा वाईट हेतू असायची गरजही नाही.

दुसरी अडचण स्लाइडची, आणि इथे मला स्वतःबद्दल बोलावं लागेल. चाकणनंतर मी एका आयटी कंपनीत गेले. तिथे एका अकाउंटच्या, म्हणजे एका क्लायंटचं काम करणाऱ्या टीमच्या, खुल्या प्रतिक्रियांत एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सात वेळा आली होती. शनिवार-रविवारी काम करून घेतात, त्याला 'व्हॉलंटरी' म्हणतात, म्हणून कॉम्प-ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, देत नाहीत. मी ती वाक्यं जशीच्या तशी स्लाइडवर घेतली. माझे साहेब म्हणाले, "हे फार रॉ आहे. 'वर्क-लाइफ बॅलन्समध्ये सुधारणेस वाव' असं करा." मी केलं. गंभीर तक्रारीचा लाल चौकोन पिवळा केला. पुढे ती स्लाइड डायरेक्टरांसमोर गेली. चाळीस मिनिटांची मीटिंग, त्यातली पंचवीस 'इंडस्ट्री बेंचमार्क'वर. आपण स्पर्धकांपेक्षा दोन टक्के पुढे आहोत, असं ठरलं. पिवळ्या चौकोनाकडे पाहून एक जण म्हणाले, "यलो आहे ना, मग ठीक." स्लाइड पुढे सरकली. वर्षभरात त्या अकाउंटमधून इतके जण गेले की शेवटी क्लायंटनेच विचारलं, तुमची माणसं टिकत का नाहीत. उत्तर आमच्याकडे होतं. मीच ते पिवळं केलं होतं.

त्या खोलीतले लोक दुष्ट नव्हते. त्यांच्यापर्यंत जे पोचलं त्यावर करण्यासारखं काही नव्हतंच. 'सुधारणेस वाव' या वाक्यावर कुणी काय करणार? 'शनिवारच्या कामाला कॉम्प-ऑफ द्या' यावर हो किंवा नाही म्हणता येतं. गाळण इतकी बारीक असते की वर जाईपर्यंत फक्त रंग उरतात.

बेंचमार्कबद्दलही एक सांगून टाकते. उद्योगाच्या सरासरीपेक्षा दोन टक्के पुढे असण्याचा माझ्या टीमला काय उपयोग? शेजारच्या घरात दोन माठ गळतात म्हणून आपल्या गळक्या माठात पाणी राहत नाही.

मग मॅनेजमेंटने कृती करावी म्हणून काही कंपन्या सर्व्हेचा स्कोअर मॅनेजरच्या केआरएला जोडतात. कागदावर हा विचार चांगला वाटतो. प्रत्यक्षात काय होतं? त्याच आयटी कंपनीत एका मॅनेजरचा स्कोअर खराब आला. त्याने टीमला मीटिंगला बोलावलं आणि पहिलं वाक्य टाकलं, "मला फक्त एवढंच जाणून घ्यायचंय की हे कुणी लिहिलं." पुढच्या वर्षी लिंक येण्याच्या आदल्या दिवशी पिझ्झा आला. लिंक आल्यावर साहेब स्वतः बेमध्ये फेऱ्या मारत म्हणत होते, "आपला स्कोअर पडला तर हा प्रोजेक्ट बंगलोरला जाईल, लक्षात ठेवा." स्कोअर कंपनीत पहिला आला. टाउनहॉलमध्ये त्यांना ट्रॉफी मिळाली, टीमने टाळ्या वाजवल्या. टीम बदललेली नव्हती, साहेबही नाहीत, फक्त लोकांना काय टिक करायचं ते कळलं होतं.

तुम्हाला १०० टक्के भरून घ्या असं सांगितलंय, ते याच आजाराचं सौम्य रूप आहे. प्रतिसादाचं प्रमाण खरं तर स्वतःच एक उत्तर असतं. एखाद्या टीममध्ये ४० टक्केच लोकांनी भरलं, तर उरलेल्या ६० टक्क्यांनीही काहीतरी सांगितलंय. ते मागे लागून १०० केलं की तो आवाज पुसला जातो.

आता निनावीपणाबद्दल. इथे दोन शब्दांची सर्रास गल्लत होते, कधी कधी मुद्दामही. निनावी म्हणजे तुम्ही कोण हे कुणालाच कळू शकत नाही. गोपनीय म्हणजे ते कुणालातरी कळू शकतं, पण तो सांगणार नाही असं कबूल करतो. तुमच्या मेलमध्ये आलेली लिंक फक्त तुमची असेल, शेजाऱ्याला पाठवून चालत नसेल, तर सर्व्हे निनावी नाही, गोपनीय आहे. 'तुम्ही अजून भरलेला नाही' असं आठवणीचं मेल तुम्हाला येत असेल तर कुणीतरी यादी ठेवलेलीच आहे. यात घाबरण्यासारखं असतंच असं नाही. बाहेरची एजन्सी असेल तर कंपनीला सहसा एकेकट्याची उत्तरं दिली जात नाहीत, ठरावीक संख्येपेक्षा लहान गटाचा वेगळा अहवालही काढत नाहीत. ही मर्यादा बऱ्याच ठिकाणी १० असते, काही ठिकाणी ५ किंवा ८. तुमच्या कंपनीत किती आहे ते एचआरला मेलवर विचारा, तोंडी नको. उत्तर द्यायला कुणी टाळाटाळ केली तर तेही उत्तरच.

पण मर्यादा पाळूनही माणूस ओळखू येतो, हे मी स्वतः पाहिलंय. मेंटेनन्समध्ये एकच बाई असेल आणि अहवाल स्त्री-पुरुष असा फोडला तर काय गोपनीय राहिलं? हुशार माणूस वजाबाकीही करतो. पूर्ण विभागाचा आकडा आहे, त्यातल्या मोठ्या गटाचाही आहे, मग दाबून ठेवलेल्या लहान गटाचा काढायला कितीसा वेळ लागतो? आणि खुल्या प्रतिक्रिया तर सहीसारख्याच असतात. आमच्याकडे एक जण प्रत्येक वाक्याच्या शेवटी तीन टिंबं द्यायचा. त्याची प्रतिक्रिया सगळ्या मजल्याने ओळखली. त्यामुळे खुल्या चौकटीत लिहाल तर घटना लिहा, माणूस ओळखू येईल असा तपशील नको. 'गेल्या तिमाहीत रिलीजच्या आठवड्यात चार रात्री थांबावं लागलं, त्याची बदली सुट्टी मिळाली नाही' हे पुरेसं आहे. 'मॅनेजर चांगला नाही' यावर कुणी काही करू शकत नाही. ते लिहून तुमचं मन मोकळं होईल एवढंच.

मन मोकळं होण्यावरून हॉथॉर्न नावाचा कारखाना आठवला. शिकागोजवळ सिसेरोला वेस्टर्न इलेक्ट्रिकचा टेलिफोन सामानाचा प्रचंड कारखाना होता. तिथे १९२४ पासून उजेड कमी-जास्त करून उत्पादनावर काय परिणाम होतो ते पाहण्याचे प्रयोग झाले, ते बहुतेकांनी कुठेतरी वाचलेले असतात. कमी माहीत असतो तो १९२८ पासून चाललेला मुलाखतींचा कार्यक्रम. सुमारे २१,००० कामगारांशी बोलले. सुरुवातीला ठरावीक प्रश्न होते, मग लक्षात आलं की प्रश्न बाजूला ठेवून माणसाला बोलू दिलं तर तो वेगळंच सांगतो. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली. त्यातली एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: कॅन्टीनच्या जेवणाबद्दल तक्रार केलेल्या कामगाराने पुढे आभार मानले की जेवण आता सुधारलं. जेवणात काहीच बदललेलं नव्हतं. एचआरच्या प्रशिक्षणात ही गोष्ट 'ऐकून घेण्याची ताकद' म्हणून सांगतात. मला ती ऐकताना दरवेळी जरा अस्वस्थ व्हायला होतं. जेवण न बदलता आभार मिळवता येतात, हे एकदा कळलं की जेवण बदलायची घाई कुणाला राहील? १९२९ नंतर मंदी आली आणि त्याच कारखान्यातून हजारो माणसं घरी गेली. किती मोकळेपणाने बोलले होते, याचा त्यांना काही उपयोग झाला नाही.

आणि हे ऐकून घेण्याचं समाधान एकदाच मिळतं. दुसऱ्या वर्षी लोक विचारतात, मागच्या वेळचं काय झालं? तुम्ही तर चौथ्या वर्षात आहात. अमेरिकेच्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणात हा प्रश्न सरळच विचारला जायचा: या सर्वेक्षणाच्या निकालांचा उपयोग करून माझं खातं कामासाठी अधिक चांगलं केलं जाईल, असं मला वाटतं का? २०१० च्या दशकात त्याला होकार देणारे सतत निम्म्याहून कमी होते. तरी तो प्रश्न त्यांनी ठेवला आणि आकडा जाहीर केला, याचं मला कौतुक आहे. आपल्याकडच्या कंपन्यांना मी हा प्रश्न घालायला सांगते तेव्हा तो हमखास अंतिम यादीतून गळतो. 'निगेटिव्ह वाटतो' म्हणे.

कारखान्याबद्दल थोडं, कारण हे वाचणाऱ्यांत पिंपरी, रांजणगाव, वाळूज, सातपूरचेही लोक असतील. तिथे सर्व्हे बऱ्याचदा भाषेतच मरतो. इंग्रजी प्रश्नांचं मराठी करून एजन्सी पाठवते. 'एम्प्लॉई एंगेजमेंट'साठी 'कर्मचारी प्रतिबद्धता' असा शब्द मी स्वतः खोडलाय. वेल्डरने वाचून मला विचारलं होतं, "हे बंदीचं काही आहे का मॅडम?" गॅलप या अमेरिकन सर्वेक्षण संस्थेच्या प्रसिद्ध बारा प्रश्नांत एक असा आहे की कामाच्या ठिकाणी माझा जिवलग मित्र आहे. आमच्या लाइनवरच्या बायकांनी त्यावर इतकी हसाहशी केली की अर्धा तास काम थांबलं. एक म्हणाली, "असला तरी कागदावर कोण लिहिल?" शिवाय कॅन्टीनमध्ये जेवणाऱ्या निम्म्या माणसांना, म्हणजे कंत्राटी आणि ट्रेनींना, फॉर्मच मिळत नाही. आणि युनियन असेल तर सर्व्हे म्हणजे 'कोण कुणाच्या बाजूचा ते शोधायचा डाव' हा संशय येतोच. तो प्रत्येक वेळी खोटाच असतो असं मी म्हणणार नाही.

गंमत अशी की कायद्याने दिलेली जागा तिथे आधीपासून असते. १०० किंवा अधिक कामगार असतील तर वर्क्स कमिटीची, म्हणजे मालक आणि कामगार प्रतिनिधींच्या संयुक्त समितीची, तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. २५० हून जास्त कामगार असतील तर कॅन्टीन, आणि त्याच्या कारभारासाठी समिती, हे १९४८ च्या कारखाना कायद्याखाली होतं. सर्व्हेत निघालेल्या दहा तक्रारींपैकी सहा-सात या समित्यांच्या इतिवृत्तात तारखेसकट सापडतात. एका ठिकाणी मी नव्या सर्व्हेचं काम मागायला गेले आणि आधी जुनी इतिवृत्तं वाचली. पिण्याच्या पाण्याच्या कूलरची तक्रार तीन वर्षांत नऊ वेळा नोंदलेली होती. मी त्यांना म्हटलं, सर्व्हेचे पैसे वाचवा, कूलर घ्या. ते काम मला मिळालं नाही.

तर आता तुमचं. निकाल आला की त्यातल्या गोष्टी तीन ठिकाणच्या असतात. पगार, बढतीचं धोरण, घरून काम, हे तुमच्या हातात नाही. त्यावर आश्वासन देऊ नका, पण गप्पही बसू नका. 'हे मी वर नेलं, अमुक तारखेला नेलं, उत्तर नाही असं आलं' एवढं सांगितलं तरी लोक ऐकून घेतात. नकारापेक्षा शांततेचा राग जास्त येतो. दुसऱ्या गोष्टी दुसऱ्या विभागाच्या, आमच्या बससारख्या. तिथे तुमचं काम म्हणजे त्या माणसाचं नाव शोधणं आणि त्याच्या टेबलापाशी जाऊन उभं राहणं. मेलने बस हलत नाही. तिसऱ्या गोष्टी तुमच्याच. गॅलपच्या बारांतले पहिले दोन प्रश्न काय आहेत? माझ्याकडून काय अपेक्षा आहे हे मला कळतं का, आणि कामाला लागणारी साधनं माझ्याकडे आहेत का. कोड रिव्ह्यू तीन दिवस अडकतो, टेस्ट सर्व्हर दुपारी चारनंतर बसतो, रोजची छोटी स्टँडअप मीटिंग तासभर चालते, क्लायंटने सांगितलेला बदल अर्ध्या टीमला कळतच नाही. याला डायरेक्टर लागत नाही.

बैठक घ्याल तर निकालाचं पान सगळ्यांच्या हातात द्या, स्क्रीनवर दाखवून पुढे ढकलू नका. सगळ्यांत कमी गुणांच्या दोनच वाक्यांवर बोला. 'असं का दिलं' विचारलंत की माणूस बचावात जातो. 'या वाक्यावरून तुम्हाला काय आठवलं' असं विचारा. मग थांबा. पहिली पाच मिनिटं कुणी बोलणार नाही, ती भरून काढायचा मोह आवरा. आमच्या सुपरवायझरांनी आवरला होता, त्यांनी तेवढ्यात चहा संपवला. शेवटी एक गोष्ट ठरवा, एकच, आणि ती पंधरा दिवसांत होणारी असू दे. यादी केलीत की नव्याचे नऊ दिवस, आणि पुढच्या सर्व्हेपर्यंत ती यादीच तुमच्यावर हसत बसेल.

सर्व्हे स्वतः भरायचा का, असंही तुमच्या मनात असेल. मी भरते. खोटं लिहीत नाही, मधली 'सांगता येत नाही'ची गोळी शक्यतो टाळते, आणि खुल्या चौकटीत एकच घटना लिहिते.

राहिले ते दोघं. त्यांना भरायला लावू नका, आणि वर विचारलं तर सांगा की ती त्यांची इच्छा आहे. तुम्ही ११, ते दोघं वगळले तर ९ उरतात. मर्यादा १० ची असेल तर तुमच्या टीमचा वेगळा अहवाल येणारच नाही, तुमचे आकडे वरच्या मोठ्या गटात मिसळून जातील. कदाचित म्हणूनच तुमच्या मागे लागलेत. हरकत नाही. बैठक तरीही घ्या, आकड्याशिवाय. प्रेस शॉपच्या त्या १४ जणांकडे आकडा होता, पण बसची गोष्ट आकड्यात नव्हतीच. त्या दोघांनाही बोलवा, आणि बोललेच पाहिजे असं म्हणू नका. वार मात्र शुक्रवार ठेवू नका. शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीत सगळ्यांचं अर्धं लक्ष घरी जायच्या बसकडे असतं.